कापडाचें घर आणि पौषाची रात्र

तुंगारेश्वराच्या डोंगरांच्या पायथ्याशीं असलेलें चिंचोटी हें गांव मुंबईकरांस बहुधा पावसाळ्यांतील धबधब्यामुळें ठाऊक असतें. तेंच गांव पौष महिन्यांत पाहिलें म्हणजे निराळें वाटतें. धबधब्याचा आवाज थकलेला असतो, डोंगरावरचें गवत पिवळें पडलेलें असतें, आणि पहांटे महामार्गाच्या कडेला मालमोटारींचे चालक काटक्या-कुटक्या गोळा करून शेकोट्या पेटवून बसलेले असतात. अशाच एका पहांटे अंगाभोंवतीं शाल लपेटून मी तेथें वाहनाची वाट पाहत उभा होतों. शेकोटीपाशीं बसलेल्या एका चालकानें मला जागा करून दिली, आणि माझ्या कुडकुडण्याकडे पाहून तो हंसला. ही कसली थंडी, असें त्याचें म्हणणें पडलें. त्याचें घर पानिपताकडचें होतें. तिकडे या दिवसांत मोटारीच्या टपावर दंव गोठतें, आणि रात्रीं शेगडी विझली तर माणसाला झोप म्हणून लागत नाहीं, असें त्यानें सांगितलें.

पानिपत हें नांव मराठी माणसाच्या कानांवर पडलें आणि त्याचें मन शांत राहिलें, असें सहसा होत नाहीं. पराभवाचीं कारणें आपण शाळेपासून पाठ केलीं आहेत: सरदारांतील दुही, उत्तरेंतील मित्रांचा अभाव, बुणग्यांचा बोजा, तुटलेली रसद. थंडीचा उल्लेखही पुस्तकांतून असतो, पण तो एखाद्या ओळीपुरता. चिंचोटीच्या त्या शेकोटीपाशीं मला प्रथमच वाटलें कीं, ही ओळ फार घाईनें लिहिली गेली आहे. कापडाच्या घरांत अडीच महिने राहणाऱ्या लाखों जीवांना ती थंडी कशी लागली असेल? आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा कीं, वर्षानुवर्षें हिंवाळ्यांतच मोहिमा करणाऱ्या मराठ्यांना हा एक हिंवाळा इतका कां भोंवावा?

प्रश्नाचा भौतिक भाग आधीं पाहूं. उत्तर अमेरिकेंत आज कित्येक लोक मोटारीमागें ओढावयाच्या चाकांच्या घरांत, म्हणजे ज्यांस ट्रेलर म्हणतात त्यांत, राहतात. विजेच्या तारा व नळ यांचा संबंध सोडून, रानांत, बर्फाचा हिंवाळा अशा घरांत काढणारेही कांहीं आहेत. त्यांची दिनचर्या पाहिली तर ती जवळजवळ सगळी उष्णतेच्या हिशेबांत जाते. पातळ भिंत ऊब धरून ठेवीत नाहीं. नळांतलें पाणी गोठून नळ फुटतात. ब्यूटेन वायु शून्य अंशाच्या सुमारास टाकींतून वर येईनासा होतो, म्हणून उणे ४२ अंशांपर्यंत बाष्परूप राहणारा प्रोपेन बाळगावा लागतो. माणसांच्या श्वासांतील वाफ भिंतींवर जमून अंथरुणें ओलीं होतात. आणि ऊब कोंडावी म्हणून फटी बुजवून आंत निखारे ठेवले तर कार्बन मोनॉक्साइडच्या अदृश्य विषानें माणूस झोपेंतच दगावतो. सारांश, ज्या घराला जाड भिंत नाहीं, त्या घराचा हिंवाळा बाहेरून येणाऱ्या जळणावर अवलंबून असतो. जळणाची वाट चालू असेल तोंवर तें घर. ती तुटली कीं तो नुसता आडोसा.

हा नियम पत्र्याच्या ट्रेलराला जितका लागू, तितकाच राहुटीला आणि पालाला. किंबहुना अधिकच. निरभ्र रात्रीं जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकीत असते; कापडाचा एक पडदा तिला फारसा अडवूं शकत नाहीं. आपल्याकडे महाबळेश्वरीं वेण्णा तलावाच्या परिसरांत कधीं कधीं पहांटे दंवाचे हिमकण होतात, तें याच कारणानें.

आतां मराठ्यांच्या हिंवाळ्याकडे वळूं. आपल्या लष्करी जीवनाचें पंचांगच मुळीं पावसावर बसविलेलें होतें. दसऱ्यास सीमोल्लंघन करावें, आठ महिने मुलूखगिरी करावी, आणि मृगाच्या आधीं परत येऊन छावणी करावी. १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या सभासदाच्या बखरींत शिवाजीमहाराजांच्या फौजेचा हाच क्रम सांगितला आहे, आणि फौजेबरोबर बायका व बटकी नसाव्यात असा नियमही तेथेंच आहे. 'छावणी' हा शब्द त्या काळीं प्रामुख्यानें पावसाळ्यांतील मुक्कामाचा होता. घोड्यांना छप्पर, गवताच्या गंजी, दाण्याचीं कोठारें, ही सगळी सिद्धता पर्जन्यासाठीं. हिंवाळा हा शत्रु नव्हता. उलट तो मित्र होता. नद्या उतरलेल्या, वाटा कोरड्या, शेतांत उभें पीक, आणि रात्रीं एका घोंगडीनें भागेल एवढाच गारवा. दख्खनच्या हिंवाळ्यासाठीं जो तंबू पुरेसा होता, तोच मराठ्यांचा तंबू झाला.

जळण, वैरण आणि विस्तव यांचें महत्त्व मराठी राज्याच्या संस्थापकास किती कळलें होतें, याचा पुरावा चिपळूणजवळील हलवर्ण येथील छावणीच्या अधिकाऱ्यांस त्यांनीं पाठविलेल्या प्रसिद्ध पत्रांत आहे. शिवकालीन पत्रांत याहून वास्तव पत्र क्वचितच सांपडेल. दाणा व वैरण आरंभींच उधळलीत तर पुढें पावसांत घोडीं मरतील, हा पहिला इशारा. आणि दुसरा विस्तवाचा: कोणी भलत्या जागीं स्वयंपाक करील, कोणी आगट्या पेटवील, रात्रीं दिवा जळत राहिला तर उंदीर वातच पळवील, आणि गवताला आग लागून सगळा घोडदळाचा कारखाना बुडेल. लढाईचा एकही शब्द या उपदेशांत नाहीं, तरी लष्कर कशावर जगतें याचें मर्म त्यांत पुरें आलें आहे.

पुन्हा चिंचोटीकडे येऊं, कारण पानिपताच्या सेनापतीचें या मुलखाशीं रक्ताचें नातें होतें. भिवंडीजवळच्या अंजूरफाट्याहून कामणमार्गें येणारा रस्ता आज चिंचोटीलाच महामार्गास मिळतो. ज्या अंजूरचें नांव त्या फाट्यास आहे, तेथल्या गंगाजी नाईकानें वसईच्या मोहिमेंत मोठें साहाय्य केलें. ती मोहीम चिमाजीअप्पाची. आणि पानिपताचे सदाशिवरावभाऊ हे चिमाजीअप्पाचेच चिरंजीव. १७३० सालीं जन्मलेला हा मुलगा वसई हातीं आली तेव्हां नऊ वर्षांचाही झाला नव्हता.

बापाची मोहीम पाहा. १७३७ च्या वसंतांत ठाणें व साष्टी हातीं आली, पण वसई दोन वर्षें दाद देईना. १७३८ च्या अखेरीस चिमाजीअप्पा स्वतः कोंकणांत उतरला. १७३९ च्या जानेवारींत माहीम व तारापूर घेतलीं. तारापुरास बाजी भिवराव पडला. फेब्रुवारीपासून वसईस वेढा बसला, सुरुंग लागले, आणि मे महिन्याच्या मध्यास किल्ला शरण आला. म्हणजे हिंवाळा आणि उन्हाळा मिळून कित्येक महिने हजारों माणसें राहुट्यांतून आणि पालांतून या किनाऱ्यावर राहिलीं. त्यांनीं मरण पाहिलें, जखमा पाहिल्या, पण थंडीनें गारठून कोणी मेल्याचें या मोहिमेच्या कथेंत ऐकूं येत नाहीं. येणार कसें? या किनाऱ्याला समुद्राची ऊब आहे. मुंबईस सांताक्रूझच्या वेधशाळेंत नोंदलेली नीचतम थंडी २२ जानेवारी १९६२ ची, तीही ७.४ अंश, एऱ्हवीं पौषांतली रात्रही सौम्यच. पाठीशीं तुंगारेश्वर-कामणदुर्गाचें रान, म्हणजे लांकडाला तोटा नाहीं. कल्याण-भिवंडीचा प्रांत आधींच ताब्यांत, घांट चढला कीं पुणें. बापाला एकच ऋतु भीति घालीत होता, आणि तो म्हणजे पावसाळा. त्यापूर्वीं काम उरकलें पाहिजे, एवढी एकच घाई. वेढा घालणारे मराठे होते आणि कोंडलेला होता फिरंगी. जळणाची वाट मराठ्यांची उघडी होती आणि फिरंग्यांची बंद.

एकवीस वर्षांनीं मुलाच्या वांट्याला हेंच चित्र उलटें होऊन आलें.

१४ मार्च १७६० रोजीं भाऊंची फौज दख्खनेंतून निघाली. बरोबर भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या, नाना फडणिसांची आई व पत्नी होती, आणि तीर्थयात्रेच्या ओढीनें आलेला असंख्य परिवार होता. सुरजमल जाटानें सल्ला दिला होता कीं, कुटुंबें व जड सामान मागें सुरक्षित ठेवावें आणि हलक्या घोडदळानें लढावें. हा सल्ला मानला गेला नाहीं. ऑगस्टच्या आरंभीं दिल्ली हातीं आली. पैशाची चणचण इतकी कीं दिवाण-इ-खासचें रुप्याचें छत उतरवून त्याचे रुपये पाडावे लागले. १७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतला आणि दोन दिवसांनीं दसरा तेथेंच साजरा झाला. सीमोल्लंघनाचा मुहूर्त इतक्या उत्तरेस मराठ्यांनीं क्वचितच साधला असेल. पण पंचांगांतला तोच मुहूर्त, जो दख्खनेंत सुखाच्या ऋतूचें दार उघडतो, तो येथें एका निराळ्याच ऋतूचा उंबरठा होता. आठवडाभरांत अब्दालीनें बागपताजवळ यमुना उतरून दिल्लीची वाट रोखली. आश्विन वद्यांत, १ नोव्हेंबरच्या सुमारास, भाऊंनीं पानिपतास तळ दिला. त्या वर्षींची दिवाळी त्याच तळावर गेली.

तळाभोंवतीं खंदक खणला. शुजाउद्दौल्याच्या चाकरींतील काशिराज पंडित या प्रत्यक्षदर्शी गृहस्थाच्या फारसी वृत्तांताचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध आहे. त्यांत हा खंदक साठ फूट रुंद व बारा फूट खोल असल्याचें म्हटलें आहे. शत्रूला रोखण्यास तो उत्तम होता. परंतु खंदक जसा शत्रूला बाहेर ठेवतो, तसा जळणालाही बाहेर ठेवतो. येथें थोडा हिशेब करून पाहूं. तळावर माणसें किती होतीं याविषयीं मतभेद आहेत. आपण मोजणीस सोपी म्हणून एक लाखच धरूं. माणशी रोज एक शेर सरपण केवळ भाकरी भाजण्यापुरतें लागतें असें मानलें, तर रोजचें जळण २,५०० मण झालें. एका बैलावर तीन मण लादले तर रोज आठशेंहून अधिक बैल नुसतें लांकूड आणण्यास हवेत. पंच्याहत्तर दिवसांचें मिळून १,८७,५०० मण. यांत शेकोटीची एकही काटकी धरलेली नाहीं. घोड्यांची वैरण धरलेली नाहीं. आणि हीं बैलें जगवावयाचीं तर त्यांच्या चाऱ्याचा हिशेब पुन्हा वेगळा.

पानिपताच्या भोंवतालीं त्या काळीं पळसाचें रान होतें. लांकूड डोळ्यांसमोर होतें, पण तेथवर जाणें म्हणजे प्राणाशीं गांठ. काशिराज एक प्रसंग सांगतो. रात्रींच्या वेळीं तळांतून हजारों बुणगे लांकूड व चारा गोळा करण्यास बाहेर पडले. शहापसंदखानाच्या गस्तीच्या घोडदळानें त्यांस गांठलें आणि कापून काढलें. त्याचा वीस हजारांचा आंकडा अतिशयोक्त धरला तरी प्रसंगाचा अर्थ बदलत नाहीं. हे लोक लढावयास गेले नव्हते. ते चुलीसाठीं गेले होते. इतिहासांत सेनापतींच्या मृत्यूचा दिवस आणि घटका लिहिलेली असते. मोळी आणावयास गेलेल्यांचीं नांवें कोणी लिहीत नाहीं. परंतु पानिपताचा तळ ज्या रात्रीं खऱ्या अर्थानें हरूं लागला, ती रात्र मोळीवाल्यांच्या त्या संहाराची होती, असें मला वाटतें. त्यानंतर प्रत्येक चूल म्हणजे एक धाडस झालें.

दुसऱ्या बाजूचा तळ पाहिला म्हणजे फरक ध्यानांत येतो. अब्दालीनेंही आपल्या तळाभोंवतीं संरक्षण केलें होतें, पण तें तोडलेल्या झाडांचें होतें. ज्याच्या कुंपणालाच लांकूड पुरत होतें, त्याच्या शेकोटीला तें कमी पडलें नसावें. त्याचे लोक डोंगराळ मुलखांतले. मेंढीच्या कातड्याचे लोकर आंत घेतलेले पोस्तीन त्यांच्या अंगावर असत. ती वस्त्रें हेंच त्यांचें पहिलें घर होतें, तंबू दुसरें. मराठ्याचें पहिलें घर म्हणजे सुती अंगरखा आणि फार तर एक घोंगडी किंवा पासोडी. अब्दालीच्या तळावरही धान्याची टंचाई आरंभीं होती, हें विसरतां कामा नये. पण अंतर्वेदींतून रोहिल्यांच्या मुलखाची रसद त्यास येत राहिली. ती तोडण्यासाठीं भाऊंनीं ज्यांच्यावर भिस्त ठेवली होती, ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरांत मारले गेले. त्याच महिन्याच्या ७ तारखेस, अमावास्येच्या रात्रीं झालेल्या चकमकींत बळवंतराव मेहेंदळे पडले होते. पतियाळ्याच्या आलासिंगाकडून येणारें धान्यही बंद झालें. जानेवारीच्या आरंभीं दिल्लीहून खजिना घेऊन येणारी एक तुकडी रात्रींच्या अंधारांत वाट चुकून सरळ अफगाण तळांतच शिरली आणि नाहींशी झाली. समजा, तो पैसा पोंचला असता, तरी त्यानें काय विकत मिळालें असतें? दिल्लीच्या छताचें रुपें वितळवून रुपये पाडतां आले; रुपये वितळवून ऊब पाडतां येत नाहीं.

कांहीं वाचक येथें विचारतील कीं, मग पानिपत थंडीनें हरविलें काय? मी तसें म्हणत नाहीं. थंडी दोन्हीं तळांवर सारखीच पडत होती. पौषांत त्या मैदानावर रात्रीं पारा चार-सहा अंशांपर्यंत उतरतो, कधीं गोठणबिंदूशीं पोंचतो, आणि दाट धुक्यानें दुपारपर्यंत सूर्य दिसत नाहीं; हें सगळें शत्रूलाही भोगावें लागलें. परंतु एकाच थंडीची किंमत दोघांना सारखी पडत नाहीं. थंडींत माणसाचें शरीर ऊब राखण्यासाठीं अधिक अन्न मागतें. म्हणजे ज्या महिन्यांत अन्न कमी झालें, त्याच महिन्यांत भूक वाढली. दाणा कच्चा खातां येतो, पण त्यानें पोट बिघडतें. भाजावयाला विस्तव नाहीं. घोडें उपाशी राहिलें तर तें प्रथम थंडीनें मरतें. मेलेलीं जनावरें खंदकाच्या आंतच. त्यांची दुर्गंधी काशिराजानेंही नोंदविली आहे. भूक, थंडी आणि रोग हीं तीन कारणें आपण निरनिराळ्या ओळींत लिहितों, पण तळावर तीं एकाच चुलीच्या विझण्यानें आलीं.

१३ जानेवारीस सरदार व शिपाई भाऊंपुढें आले आणि म्हणाले कीं, दोन दिवस पोटांत अन्न नाहीं. असें कुजून मरण्यापेक्षां लढून मरूं. भाऊंनीं तें मानलें. दुसरे दिवशीं, पौष शुद्ध अष्टमी शके १६८२, पहांटेच्या काळोखांत फौज बाहेर पडली. काशिराज सांगतो कीं त्यांच्या तोंडांना हळद फांसलेली होती. पुढचा प्रसंग सर्वश्रुत आहे आणि तो येथें पुन्हा सांगण्याचें कारण नाहीं. माझ्या विषयापुरतें एवढेंच पुरे कीं, त्या दिवशीं दुपारपर्यंत जी फौज जिंकत होती असें सर्व साक्षी सांगतात, ती अडीच महिने पुरेशी ऊब न मिळालेली फौज होती.

पराभवानंतरची रात्र तर उघड्यावरची. आतां कापडही राहिलें नव्हतें. अठरा वर्षांच्या नाना फडणिसांनीं आपल्या आत्मचरित्रांत त्या पळाची हकीकत लिहून ठेवली आहे: ओळख पटूं नये म्हणून घोडा सोडला, अंगावरचीं वस्त्रें टाकलीं, आणि फकिरासारखें होऊन दक्षिणेची वाट धरली. आई पुन्हा भेटली नाहीं. पौषाच्या रात्रीं वस्त्र टाकून जीव वांचवावा लागणें, यांत त्या सगळ्या मोहिमेचा विपर्यास सांठविला आहे. आणि ज्या सुरजमलाचा सल्ला ऐकला नाहीं, त्याच्याच राज्यांत या पळून आलेल्यांस आसरा मिळाला. त्यानें व राणी किशोरीनें त्यांस अन्न दिलें, पांघरावयास वस्त्र दिलें, वाटखर्ची दिली. मुत्सद्द्यांनीं या औदार्याचे राजकीय हेतु शोधावेत. पण ज्याच्या खांद्यावर त्या रात्रीं कांबळें पडलें, त्यानें हेतु विचारला नसेल.

बापलेकांच्या दोन तळांची ही तुलना बापाला शहाणा आणि लेकाला अडाणी ठरविण्यासाठीं नाहीं. चिमाजीअप्पाच्या पाठीशीं घर होतें. भाऊंच्या पाठीशीं शत्रु होता. दोष असेल तर तो एका जुन्या, यशस्वी संवयीचा. हिंवाळा म्हणजे मोहिमेचा ऋतु, हें शंभर वर्षांचें ज्ञान होतें आणि तें दख्खनेंत खरें होतें. नर्मदा, चंबळ, यमुना ओलांडतांना फौजेनें तोफा नेल्या, तंबू नेले, देव नेले. आणि त्यांबरोबर हें ज्ञानही जसेंच्या तसें नेलें. मुलूख बदलला म्हणजे ऋतूचा अर्थ बदलतो, हें मात्र वाटेंतल्या कोणत्याही मुक्कामावर त्यांना कोणी सांगितलें नाहीं. आणि सुरजमलानें जें सांगितलें तें ऐकावयास कोणी तयार नव्हतें. चिपळूणच्या छावणीस गवताच्या गंजीविषयीं आणि उंदरानें पळविलेल्या वातीविषयीं लिहिणारी दृष्टि जर कोठें हवी होती, तर ती पानिपतास हवी होती.

चिंचोटीच्या त्या पहांटे माझें वाहन आलें तेव्हां शेकोटी विझत आली होती. पानिपताकडच्या त्या चालकानें उठतांना राखेंतले निखारे पायानें सारखे केले आणि उरलेल्या काटक्या नीट रचून ठेवल्या. मागाहून येणाऱ्या कोणासाठीं तरी तें जळण होतें. आमच्याकडे असेंच ठेवतात, एवढेंच तो म्हणाला.